पाहुण्यांच्या छताला आमचे टेकू

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि माझे तीन मित्र इंदूरहून आमच्याकडे आले. येताना त्यांनी झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने आणली होती. आत पलंग, छोटासा ओटा, पंखा, सगळं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजातलं कुणी आमच्या घरी येण्याचीही ही पहिलीच वेळ. आईने पुढची खोली धुऊन काढली होती, शेजारून गाद्या मागून आणल्या होत्या. मित्रांनी दारातूनच खोली पाहिली, "बहुत अच्छा है आंटी," म्हणाले, आणि आम्ही गाडीतच झोपणार असं सांगून शेताकडे निघाले. आई उंबऱ्यात उभी राहिली. मला तिथेच राग आला होता, पण तो मी गिळला. वाटलं, शहरातल्यांची हीच पद्धत असेल.

आमचं शेत बहादरपूरच्या पुढे. त्या दिवसांत केळी कापणीला आली होती. घड भरला की झाड एका बाजूला वाकतं. आमच्याकडे केळीच्या झाडाला खांब म्हणतात, पण त्याच्या आत नुसतं पाणी; जोराचा वारा आला की तो घडासकट आडवा होतो आणि पुन्हा उभा राहत नाही. म्हणून वाकलेल्या बाजूने बांबूचा टेकू देऊन दोरीने बांधावं लागतं. बाकीच्या बागेला टेकू देऊन झाले होते. पश्चिमेकडच्या ओळी तेवढ्या उशिरा भरल्या, त्या राहिल्या होत्या. त्यांचे बांबू बांधाशी रचून ठेवलेले होते. त्या दुपारी मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, तेच काम करणार होतो.

मित्रांनी गाडी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत लावली. गाडीच्या अंगाला वरच्या बाजूस एक लांब पेटी होती. हॅण्डल फिरवलं की तिच्यातून कापडाचं छत बाहेर येई, मग त्याचे पुढचे दोन पाय जमिनीवर टेकवायचे आणि खुंट्या ठोकायच्या. नव्या वस्तूला हात लावायची मला धास्ती वाटते, म्हणून मी पेटीवर चिकटवलेल्या सूचना आधी वाचल्या. पावसात एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड ठेवा, म्हणजे पाणी एका बाजूने वाहून जाईल. वारा सुटला तर छत गुंडाळून ठेवा.

"वारा आला तर हे बंद करावं लागेल," मी म्हणालो.

"अरे यार, बारिश के लिए ही तो लगाया है," गाडी चालवणारा मित्र म्हणाला. "छत के नीचे बैठके बारिश देखेंगे, चाय पिएंगे. तू तो चलता-फिरता मॅन्युअल है."

तिघेही हसले. मीसुद्धा हसलो, कारण काय करावं ते कळेना.

पाणी दिलेली काळी जमीन. खुंट्या हाताने उपटून याव्यात इतक्या सैल बसल्या. तेवढ्यात आप्पा बागेतून आले, त्यांनी हलणारे पाय पाहिले आणि काही न विचारता बांबूंच्या ढिगाकडे वळले.

"आप्पा, ते बांबू पश्चिमेकडचे आहेत."

"मला नाही दिसत का? चार बांबूंनी काय होतंय."

"अंकल, रहने दीजिए," चष्मा लावणारा मित्र म्हणाला.

"राहू द्या कसं? पाहुणे तुम्ही. तुमच्या डोक्यावरचं हललं तर लाज आमची." मग माझ्याकडे बघून, "दोर आण. पाहुण्याचं आधी, मग आपलं."

आमच्याकडे हे असंच आहे. पाहुणा आला की हातातलं काम टाकायचं. पण चार बांबूंवर भागलं नाही. आप्पांनी जन्मभर एकच गोष्ट बांधली आहे, केळी, आणि त्यांनी छतही केळीसारखंच बांधलं. कापडाच्या पोटाला खालून टेकू, टेकूंना दोर, एक दोर निंबाला, एक गाडीच्या आरशाला. सगळं इतकं ताणलं की उतार कुठे राहिलाच नाही. "आप्पा, एक बाजू खाली पाहिजे," मी दोनदा सांगितलं. "वाकलं की पडतं," ते म्हणाले. मित्र खुर्च्या टाकून बसले होते. तिसरा, जो फारसा बोलत नसे, तो दोर धरायला उठला, पण आप्पांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "तू बैस ना, बेटा."

सगळी दुपार त्यात गेली.

उन्हं उतरायच्या आत रावेरच्या बाजूने आभाळ काळंनिळं झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग आडवा पाऊस. दोन टेकूंच्या मधे कापडात पाणी साचून म्हशीच्या पोटासारखे फुगे लोंबू लागले. वाऱ्याचा झोत आला की तेच कापड वर उचललं जाई आणि सगळी गाडी हलवी. "अंकल, इधर! इधर पकड़िए!" गाडीवाला ओरडत होता. आप्पा भिजत एका टेकूवरून दुसऱ्या टेकूकडे धावत होते. आणि मला पश्चिमेकडून आवाज ऐकू आला. खांब मोडताना मोठा आवाज होत नाही. ओला, दबका, फसकन आवाज होतो. एक. मग लगेच दुसरा.

"आप्पा, बाग चालली!"

"हे धर आधी!"

आयुष्यात मला एवढा संताप आला नव्हता. मित्रांचा तर आलाच, आप्पांचाही आला. वर्षभराची केळी आडवी होत होती आणि आम्ही भाड्याचं कापड धरून उभे होतो. मी विळा घेतला आणि आप्पांनी बांधलेला दोर कापला. मग दुसरा. सगळे.

"क्या कर रहा है?" गाडीवाल्याने माझा हात धरला.

"हात सोड. आणि ते हॅण्डल फिरव."

त्याने फिरवलं. साचलेलं पाणी तिघांच्या अंगावर आणि खुर्च्यांवर सांडलं, एका कोपऱ्यात कापड थोडं फाटलं, पण छत पेटीत गेलं. मी बांबू खांद्यावर टाकले आणि पळालो. मागून आप्पा आले. आम्ही भिजत, चिखलात घसरत टेकू लावत गेलो. जेवढ्या खांबांपर्यंत पोहोचलो तेवढे वाचले. बांधाकडच्या ओळी तोवर निजल्या होत्या.

रात्री आप्पांनी एकच विचारलं, "पाहुण्यांसमोर माझा दोर कापलास?" मी हो म्हणालो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मित्र गाडीतच जेवले; आईने डबा पाठवला होता.

सकाळी ऊन स्वच्छ पडलं. मित्र निघायच्या तयारीत होते. गाडीवाल्याने फाटलेला कोपरा बोटाने चाचपला आणि आप्पांना म्हणाला, "चलो अंकल, कपड़ा बच गया. बड़ी बात है."

"हो ना, मोठी गोष्ट," आप्पा म्हणाले. अगदी मनापासून. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून.

मी गाडीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "उतरा," मी म्हणालो. "पडलेले घड आज कापून रस्त्यापर्यंत न्यायचे आहेत. उन्हात राहिले तर काळे पडतील, व्यापारी हातही लावणार नाही. उतरा तिघं."

"काय बोलतो रे!" आप्पा माझ्यावर धावून आले. "पाहुण्यांना काम सांगतोस?"

"पाहुणे काल होते, आप्पा. काल तुम्ही त्यांच्यासाठी राबलात. आज मित्र असतील तर उतरतील."

गाडीवाला काचेतून समोर बघत राहिला. तो उतरला नाही. न बोलणारा मात्र उतरला, आणि मग चष्म्यावाला, बूट काढून. दोघं माझ्या मागून बागेत आले आणि आडव्या ओळी बघून जागीच थबकले. "इतना सारा?" चष्म्यावाला हळूच म्हणाला. माझा राग गेला नव्हता. मी विळ्याने घड तोडून त्याच्या हातात दिला. त्याला तो पेलेना, आणि चीक त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओघळला. तो डाग निघत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

आप्पा बराच वेळ बांधावर हात मागे बांधून उभे होते. मग खाली उतरले, न बोलणाऱ्याच्या खांद्यावरचा घड नीट केला आणि म्हणाले, "असा नाही. मानेपासून दूर धर. आणि खाली आपटू नको, बेटा, घासला की भाव जातो."