हॅलोकाकांचं टेस्टिंग

गावात सभा सत्तेतल्यांची असो की विरोधकांची, माईक हॅलोकाकांचाच. त्यांचं खरं नाव सांगायला त्यांच्या बायकोलाही जरा थांबावं लागे. उभा जन्म पुढाऱ्यांच्या पायाशी वायरी जोडण्यात गेला, पण हा गडी एकाही पुढाऱ्याच्या पाया पडला नाही.

टेस्टिंगची त्यांची तऱ्हाच न्यारी. "आकड्यांनी काय कळतंय, डोंबल!" असं म्हणून ते त्या मैदानातल्या मागच्या सभेचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं, वक्त्याच्याच तोऱ्यात म्हणून बघत. ते तेव्हा कसं घुमलं होतं हे त्यांच्या कानात पक्कं असे आणि त्यावर ते आवाज जुळवत. लोक सभेला उशिरा येत, पण काकांच्या टेस्टिंगला वेळेवर हजर!

त्या दिवशी मंत्री बाईसाहेब दुसऱ्यांदा येणार होत्या. मागच्या खेपेला याच मैदानात भाषण संपवताना त्या गरजल्या होत्या, "पुढच्या वेळी नदीवर पूल नसेल, तर मी या मंचावर पाय ठेवणार नाही!" टाळ्या तर अशा पडल्या की विचारू नका. पूल मात्र अजून दगडभरही नव्हता. बाईसाहेब बहुधा विसरल्याही असतील. रोज चार गावांत बोलणाऱ्या माणसाला काय काय आठवणार?

काकांना विसरून चालणार नव्हतं. त्यांची लेक नदीपलीकडे, दिवस भरत आलेले, आणि दवाखाना अलीकडे. नदी चढल्यामुळे नावाडी होडी घालायला तयार नव्हता. काठाला सरकारी लाँच मात्र ताडपत्री पांघरून निवांत उभी होती. सभेनंतर बाईसाहेबांना पलीकडच्या विश्रामगृहावर न्यायचं, एवढंच तिचं काम.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून काका सकाळीच बाईसाहेबांच्या सचिवांना भेटले. "साहेब, एक फेरी मारू द्या लाँचला. लेकीला आणायचंय."

"काका, ती सरकारी आहे."

"मी कुठं म्हटलं माझी आहे म्हणून?"

सचिवांच्या कपाळाला आठी पडली. "आणि हो, आज टेस्टिंगला फक्त आकडे म्हणायचे. नाहीतर इथून पुढं आमच्या सभा विसरा."

काका मुकाट्यानं एक, दोन, तीन म्हणाले. जमलेल्यांचा अगदी हिरमोड झाला.

सभा सुरू झाली. बाईसाहेब रंगात आल्या. "आमच्या सरकारचा शब्द म्हणजे..." आणि माईक गेला! काका धावत मंचावर चढले, गुडघ्यावर बसून वायरीचा जोड पिळू लागले. "आटपा, आटपा!" सचिव दात-ओठ खात होते. बाईसाहेब हसून म्हणाल्या, "काका, नीट तपासून घ्या हं."

हात जोडावर, जीव नदीपलीकडे. तोंड रिकामंच होतं, ते सवयीनं सुटलं. मैदानातले सगळे कर्णे एकदम दणाणले, "पुढच्या वेळी नदीवर पूल नसेल, तर मी या मंचावर पाय ठेवणार नाही!"

हजारो डोळे एकदमच वळले बाईसाहेबांच्या पायांकडे. काकांनी जीभ चावली. आता धंदाही गेला आणि लेकही पलीकडेच राहिली! सचिव वायर उपटायला झेपावले, पण बाईसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"हे मी म्हटलं होतं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "हो बाईसाहेब. असंच. 'पाय'वर जोर देऊन."

मैदान खो खो हसलं. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी एकवार नदीकडे पाहिलं आणि तोल सांभाळत मंचाच्या पायऱ्या उतरल्या. सगळं मैदान ताडकन उभं राहिलं! काका माईक घेऊन मागोमाग धावले.

"पूल होईल तेव्हा होईल," बाईसाहेब हळूच म्हणाल्या. "आज काय अडलंय, ते सांगा."

"माझी लेक अडलीय पलीकडे. पोटुशी आहे. आणि लाँच नुसतीच बांधून ठेवलीय."

सचिव कानाशी लागले, "मग आपण पलीकडे कसं जायचं?"

"हे लोक जातात तसंच. नावाडी नेईल तेव्हा," बाईसाहेब म्हणाल्या. मग काकांच्या हातातला माईक ओढून घेत कडाडल्या, "लाँच सोडा!"

ती सभा तिथंच संपली, कारण सगळी सभाच काठावर पळाली. लाँच परतली तेव्हा काकांची लेक पुढं बसली होती, आणि काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, माईकशिवायच, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडत होते, "आली! आली माझी बाय!"

पुढच्या वर्षी बाईसाहेब पुन्हा येणार होत्या, तेव्हा नदीत पुलाचे खांब उभे राहिले होते. पूल अजून व्हायचा होता. सचिव आधीच सांगून गेले होते, "या वेळी मंच नको." काकांनी माईक जमिनीवर रोवला, नातीला कडेवर घेतलं आणि टेस्टिंगला सुरुवात केली. या मैदानातलं शेवटचं वाक्य एवढंसंच तर होतं. काका बाईसाहेबांच्या तोऱ्यात कडाडले, "लाँच सोडा!"

आणि काठावरच्या लाँचच्या चालकानं हातातला चहा फेकून दोरी सोडली.