नसरुद्दीन होडेकरचा उजवा हात

दम्मामच्या त्या यार्डातल्या खड्ड्याने आधीच एक माणूस खाल्ला होता. तीन पुरुष खोल खड्डा, चारी बाजूंना हातभर जाडीचं काँक्रीट आणि मधे उभं केलेलं लोखंडी धूड. खोल समुद्रात तेलाची विहीर पाडताना खालून वायू उसळलाच, तर विहिरीचं नरडं आवळून धरायचं, हे त्या धुडाचं काम. समुद्राच्या तळाशी ते टिकेल का, हे आधी जमिनीवर पाहायचं. म्हणून त्याच्या पोटात तेलमिश्रित पाणी कोंबायचं आणि दाब चढवत न्यायचा. गेल्या साली त्यातलं एक बूच सुटलं ते समोरच्या बिहारी कामगाराचा जबडा घेऊन भिंतीत रुतलं. माणूस लगेच काढला, बूच काढायला छिन्नी लागली. तेव्हापासून नियम झाला. दाब असताना खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. गळती शोधायचीच, तर लांब काठीला पुठ्ठा बांधून वरून फिरवायचा, भोक पडेल तिथे गळती.

नसरुद्दीनला नियम तोंडपाठ होता. हाताला मात्र तो ठाऊक नव्हता.

त्याचा बाप दाभोळच्या खाडीवर होड्या बांधायचा. नवी होडी पाण्यात लोटली की म्हातारा आत शिरून अंधारात फळ्यांच्या सांध्यांवरून तळवा फिरवायचा. जिथे तळव्याला गार लागेल, तिथे कापूस आणि राळ. नसरुद्दीन हे शिकला आणि त्याच शिदोरीवर सौदीत सव्वीस वर्षं पाइपांवर जगला. बुरैदाची पाण्याची लाइन असो की जुबैलचा कारखाना, दाबाच्या काट्याने गळती आहे एवढंच सांगावं आणि कुठे ते नसरुद्दीनच्या तळव्याने. घट्टे पडून तो तळवा असा झाला होता की घरी गेला की बायको सफूरा म्हणायची, किसणी कशाला विकत घ्यायची, नारळ तुमच्या हातावरच घासते.

त्या वर्षी तेलाचा भाव शंभर डॉलरच्या वर गेला होता आणि तांबड्या समुद्रात खोलवर विहिरी पाडायची सगळ्यांनाच घाई झाली होती. जेद्दाच्या बाजूला जहाज उभं होतं आणि इकडे नव्या सीलचं धूड तीन दिवस दाब धरेना. काटा चढायचा पंधरा हजार पौंडांवर आणि इंच इंच खाली सरकायचा. गोरे इंजिनिअर पडद्यावरच्या रेघा बघून थकले. चौथ्या दिवशी दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा फोरमन कादिर नसरुद्दीनजवळ आला. कादिर महाडचा, पंधरा वर्षांत हेल्परचा फोरमन झालेला. काठी-पुठ्ठ्याने काही दिसत नाही, तू एकदा उतरून बघ, दोन मिनिटांचं काम, असं त्याने हळू सांगितलं. नसरुद्दीनने हातमोजा काढला. मोज्यातून गार लागत नाही.

तो शिडीने उतरला आणि धुडाच्या कमरेवरून हात फिरवू लागला. चौथ्या बोल्टापाशी तळव्यात बाभळीचा काटा मोडावा तसं झालं. हात मागे घेतला, तर पहिल्या बोटाच्या मुळाशी एवढासा ठिपका. रक्तसुद्धा नाही. पण गळती सापडली होती. खडूने खूण करून तो वर आला. कादिरने त्याची पाठ थोपटली.

तासाभरात बोट केळ्यासारखं फुगलं. दोन तासांत तळवा दगड झाला आणि आतून कुणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटू लागलं. कादिरने हात पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. दाब असताना माणूस उतरवला हे कळलं तर दोघांनाही एक्झिट, कायमचं घरी पाठवतील, हे त्याने समजावलं. खोलीवर जा, गोळी घे, किडा चावला म्हण. नसरुद्दीनलाही ते पटलं. पोरीचं लग्न ठरलेलं. या महिन्यात परत जाणं त्याला परवडणारं नव्हतं.

त्याच्या खोलीत गुणाजी राहायचा. संगमेश्वरकडचा, मानेने बैल. तो शिफ्टवरून आला, तेव्हा नसरुद्दीन उशी दातांत धरून पडला होता. गुणाजीने हात उताणा केला आणि ठिपका पाहिला. सेफ्टीच्या वर्गात अशाच हाताचा फोटो दाखवला होता. नसरुद्दीन तेव्हा मागच्या बाकावर डुलक्या घेत होता.

"नसरूभाय, ह्या किडा न्हाय. दाबाचा पाणी सुईसारखा आत घुसलंय. आतनं सडवत वर जाईल."

"गप रे. सकाळपर्यंत उतरेल."

"सकाळी खांद्यापासना काढतील."

गुणाजी गाडीची चावी मागायला कादिरच्या ऑफिसात गेला. मागोमाग हात छातीशी धरून नसरुद्दीनही गेला, गुणाजीला आवरायला. कादिर म्हणाला, चावी नाही, आधी सायबाशी बोलतो, कंपनीचा डॉक्टर उद्या येईल. गुणाजीने दुसऱ्यांदा मागितली नाही. टेबलावरचा बावीसचा पाना उचलला आणि कादिरच्या तोंडावर मारला. हाड वाजलं. कादिर खुर्चीसकट मागे पडला आणि उठता उठता त्याने गुणाजीच्या मांडीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. गुणाजीने त्याचं डोकं दोनदा कपाटावर आपटलं. पत्र्यावर रक्ताची पिचकारी उडाली. नसरुद्दीन ओरडत मधे पडला, तेव्हा त्या फुगलेल्या हातावर कुणाचं तरी कोपर बसलं आणि तो जागच्या जागी ओकला.

गुणाजीने त्याला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं, कादिरच्या खिशातून चावी काढली आणि लायसन नसताना पिकअप हाणली. दोन सिग्नल तोडले. मांडीतला स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

सर्जन इजिप्तचा होता. हात बघताच त्याने शिव्या दिल्या, कुणाला ते कळलं नाही. बोटापासून कोपरापर्यंत चीर दिली, तेव्हा आतून हिरवट पाणी निघालं आणि शिजलेल्या माशासारखं पांढरं मांस. आणखी दोन तास गेले असते तर दंडातून कापावं लागलं असतं, असं नर्सने नंतर सांगितलं. दोन बोटं गेली. हात राहिला.

दुसऱ्या दिवशी सलाइनची दांडी ओढत नसरुद्दीन बाहेर आला. व्हरांड्यात बाकावर गुणाजी बसलेला, मांडीला पट्टी, हातांत बेड्या. शेजारी शुर्ता, तिथला पोलीस. नसरुद्दीन टेकला.

"किती गेली?" गुणाजीने विचारलं.

"दोन."

"कादिरचेबी दातच गेले, मुडदा न्हाय पडला. चार म्हणे." गुणाजी हसला आणि बेड्यांच्या हातांनी मांडी दाबून धरली.

कादिरने जबानीत लिहून दिलं होतं की गुणाजीने गाडी चोरायला हल्ला केला आणि नसरुद्दीनचा हात त्या मारामारीत चेपला. शुर्त्याने गुणाजीला उठवलं, म्हणाला, यल्ला, चल. नसरुद्दीनने डाव्या हाताने बेडीची साखळी धरली. शुर्त्याने हिसका दिला, दंडावर काठी मारली. त्याने सोडली नाही.

"इंजिनिअरला बोलवा," तो हिंदीत म्हणाला. "खड्ड्यात मी उतरलो होतो. कादिरने उतरवलं. चौथ्या बोल्टावर माझी खूण आहे. मला एक्झिट द्या, याला सोडा."

दुसरी काठी बसली. मग शुर्त्याने काठी खाली केली आणि कमरेचा वायरलेस काढून यार्डाचं नाव घेतलं.