चाळीसवर बसलेला पारा

माझे काका धान्याच्या गोदामात मापाडी आहेत, पण मापाडी म्हणून त्यांना गावात कुणी ओळखत नाही. तोंडावर सगळे त्यांना पाराकाका म्हणतात आणि पाठीमागे नुसताच पारा. कारण आहे गोदामामागची ती पांढरी लाकडी पेटी. चार उंच पायांवर उभी, चारी बाजूंनी झडपा, आत दोरीला टांगलेला तापमापक. उन्हाळाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ तो बघायचा आणि आकडा शेतकरी सोसायटीच्या भोंग्यावरून गावाला सांगायचा, हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. ते त्यांनी हौसेने अंगावर ओढून घेतलंय, आणि आता ते अंगावरून कुणाला उतरवता येत नाही.

पेटी बसवायला आलेला माणूस जाताना त्यांना एवढंच म्हणाला होता, की बघताना अंगाची धग यंत्राला लागू देऊ नका. माझे काका म्हणजे सांगितलेलं ऐकणारे नव्हेत, सांगितलेलं डोक्यावर घेऊन नाचणारे. तेव्हापासून ते पेटीच्या जवळ जातच नाहीत. दाराला सुतळी बांधली आहे. ती लांबून ओढायची, दार बोटभर उघडलं की श्वास रोखायचा, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि फटीतून पारा बघायचा. त्या दुर्बिणीतून फक्त पारा दिसतो, बाकी काही नाही. जमिनीची धग वर चढू नये म्हणून पेटीच्या तळाला गोणपाटाची जाड गादीही त्यांनी घातली होती. आणि रागात असले तर ते आणखी लांब उभे राहतात. राग म्हणजे उष्णताच की, असं त्यांचं म्हणणं.

आकडा सांगून थांबले असते तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण आकड्यानंतर काका उद्याचा अंदाजही सांगतात. हा अंदाज ते कशावरून काढतात हे मी पुतणी असूनही सांगू शकत नाही. वारा पडलेला राहील, असं ते म्हणाले त्या रात्री सोसायटीच्या शेडचे पत्रे उडून शेजारच्या शेतात गेले. आभाळ येईल म्हणाले तेव्हा असं ऊन पडलं की माझ्या शिवणाच्या दुकानातलं मशीनचं हँडल मला फडक्याने धरावं लागलं. मला मुळात उन्हाळा सोसत नाही, त्यात ‘उद्या गारवा’ असं ऐकून मी दोनदा फसले आहे, त्यामुळे यात माझा थोडा वैयक्तिक रागही आहे हे सांगून टाकते.

यंदा मे महिना लागला तसे सोसायटीचे अध्यक्ष घरी येऊन काकांना म्हणाले, “पाराकाका, अंदाज आता प्रत्येकाच्या फोनवर येतो. हा महिना बघतो. तुमचे अंदाज असेच पालथे पडले तर भोंगा बंद.”

काकांनी मान डोलावली. अध्यक्ष गेल्यावर मात्र ते खुर्चीत असे बसले, की काकूने न विचारता चहा ठेवला. दिवसभर पोती मोजणाऱ्या माणसाचं गावाने शांतपणे ऐकून घ्यावं अशी एकच वेळ होती, संध्याकाळी भोंग्यासमोरची. ती गेली तर त्यांच्याकडे उरणार होती पोती. मला त्यांची कीव आली. हसूही आलं, पण ते मी आत ठेवलं.

त्याच आठवड्यात काकूची ठिपकी कोंबडी नाहीशी झाली. काकूकडे कोंबड्या बऱ्याच आहेत, पण ठिपकी तिची लाडकी. ती चुलीजवळ येऊन बसायची, काकूच्या पायावर चोच पुसायची, आणि काकांना बघितलं की पिसं फुलवायची. काकूने परसातला प्रत्येक कोनाडा, प्रत्येक टोपली उलथीपालथी केली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“विचार तुझ्या काकांना,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. काका समोरच जेवत होते. “अध्यक्षांच्या घरी ठिपकी कशी लागली म्हणावं? चवदार होती ना?”

“अगं, मी कशाला तिला—”

“भोंगा वाचवायला,” काकू मला म्हणाली. “दुसरं काय आहे त्यांना जगात?”

काका दुखावले आणि रागावलेही. त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलेना, आणि ते स्वतःच्या नियमाप्रमाणे पेटीपासून आणखी लांब उभे राहायला लागले.

आणि मग पारा चाळीसवर गेला. दुपारी गेला असता तर नवल नव्हतं, दुपारी तो तिथे जातोच. हा सकाळी सातला गेला. काकांनी दुर्बीण पुसून पुन्हा बघितलं. चाळीस. दुपारी, चाळीस. संध्याकाळी, चाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, चाळीस. भोंग्यावरून आवाज घुमला, “सकाळचं तापमान चाळीस अंश. उद्याही चाळीस.”

आमच्याकडे शेतकरी आणि मजुरांमध्ये जुना ठराव आहे. भोंग्यावर चाळीस म्हटलं की शेतातलं काम बंद. एका उन्हाळ्यात दोघंजणं बांधावर भोवळ येऊन पडली होती, तेव्हापासूनचा. एरवी चाळीस होईपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. आता दिवस उजाडतानाच चाळीस. मजूर विळे-टोपल्या घेऊन यायचे, भोंगा ऐकायचे आणि झाडाखाली बसायचे. मस्त वारा सुटलेला असायचा. अंगावरचा सदरा फडफडत असायचा आणि हे एकमेकांना म्हणायचे, “काय उकडतंय रे.”

गंमत म्हणजे आकडा ऐकल्यावर खरंच उकडायला लागलं. पहाटे चादर ओढून झोपणाऱ्यांनी चादरी गुंडाळून ठेवल्या. न्हाव्याकडे टक्कल करून घ्यायला रांग लागली. दूधवाला म्हणाला, म्हैससुद्धा दूध तापवूनच देते आता. आणि मीही, खोटं कशाला बोलू, सकाळी गार लादीवर पाय टेकवून बसायचे आणि चाळीस अंश आहेत म्हणून पदराने वारा घ्यायचे.

काकांचे मात्र दिवस फिरले. रोज म्हणायचे उद्याही चाळीस, आणि रोज चाळीस यायचे. अंदाज चुकायचं नावच घेईना. रस्त्यात लोक थांबवून विचारायला लागले. काका चालताना छाती पुढे काढायला लागले, ‘माझ्या अनुभवानुसार’ म्हणायला लागले. मी एकदा विचारलं, “काका, पेटीजवळ वास कसला येतो हो?” तर म्हणाले, “उष्णतेला वास असतो. तुला नाही कळायचं.” आतून कुक्-कुक् असा आवाज येतो म्हटलं, तर लाकूड वाळतंय म्हणाले. आता इतकं ठाम बोलणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

गावात फक्त एका माणसाला हे सोसत नव्हतं, ते म्हणजे अध्यक्ष. त्यांची कलिंगडं शेतात पिकून तयार होती आणि तोडायला कुणी येईना. काही तर वेलावरच तडकायला लागली. भोंगा बंद करावा तर अंदाज रोज खरा ठरतोय, कुठल्या तोंडाने करणार? शेवटी एका सकाळी ते गोदामाशी आले. कानाला मफलर गुंडाळलेला, नाक लाल.

“पाराकाका,” ते म्हणाले, “आज पहाटे मी मळ्यात गेलो होतो. तापमान किती होतं?”

“चाळीस.”

“मग मला सर्दी कशी झाली?” असं म्हणून ते शिंकले. “चाळीस अंशात माणूस शिंकतो का? उघडा ती पेटी.”

“जवळ जाऊ नका,” काका कळवळून म्हणाले. “तुमच्या अंगाची धग लागेल. तुम्ही तर रागातही आहात.”

तोवर झाडाखालचे मजूर आले, न्हावी आला, अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक आलं. गलका ऐकून काकू आणि मीही धावलो. अध्यक्षांनी सरळ दार धरून ओढलं, हात आत घातला आणि कळवळून बाहेर काढला. अंगठ्याला रक्त होतं. गोणपाटाच्या गादीवर अंगाखाली अंडी घेऊन ठिपकी बसली होती. पेटीमागे रचलेल्या रिकाम्या गोणींच्या थप्पीवर चढून, मागच्या निखळलेल्या झडपेतून ती आत शिरली होती. तापमापकाचं टोक तिने पंखाखाली व्यवस्थित घेतलं होतं. बाहेरच्या गर्दीकडे तिने असं बघितलं, की दोन माणसं मागे सरली.

मग मजुरांमधला एक खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला, तसे सगळेच लागले. काकू मात्र हसली नाही. तिने काकांकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी सरळ त्यांच्याशीच बोलली.

“अहो, ही जिवंत आहे.”

“मी सांगत होतो तुला,” काका म्हणाले. पण त्यांचं लक्ष ठिपकीकडे नव्हतं, अध्यक्षांकडे होतं.

अध्यक्षांनी अंगठ्याला मफलरचं टोक गुंडाळलं. “झालं,” ते म्हणाले. “इतके दिवस कोंबडीचा ताप मोजत होतात तुम्ही. भोंगा आजपासून बंद.”

दुर्बीण गळ्यातून काढून काकांनी खिशात घालायचा प्रयत्न केला, ती खिशात मावत नव्हती, तरी ते घालतच राहिले. ते बघून माझा सगळा जुना राग गेला. काकूनेही ते बघितलं. तिने ठिपकीच्या पोटाखालून अलगद एक अंडं काढलं, कानाशी धरलं, बराच वेळ ऐकलं आणि परत ठेवलं. मग काकांच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि अध्यक्षांना म्हणाली, “भाऊ, आजची संध्याकाळ शेवटची बोलू दे त्यांना. उद्याचाही अंदाज चुकला तर भोंगा मी स्वतः उतरवून देते.”

गर्दी बघून अध्यक्ष हो म्हणाले.

त्या संध्याकाळी आकडा सांगितलाच नाही. भोंग्यातून काकांचा आवाज आला तो नेहमीपेक्षा बारीक होता. “उद्याचा अंदाज. उद्या दिवस मावळायच्या आत आपल्या पेटीत पिल्लं निघतील.”

दुसऱ्या दिवशी मजूर भल्या पहाटे कामाला लागले, अध्यक्षांची निम्मी कलिंगडं उतरवली आणि ऊन चढल्यावर सगळे पेटीभोवती येऊन बसले. तापमापक आता झाडाच्या फांदीला होता आणि दुपारी खरोखरीच बेचाळीस दाखवत होता, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. दार सताड उघडं होतं. काका मात्र सवयीने लांबच उभे, हातात सुतळी धरून. दुपार टळली, काही नाही. सावल्या लांबल्या. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले आणि न्हाव्याने सांत्वनाचे शब्द जुळवायला घेतले.

“काका, जवळ या ना,” मी म्हटलं.

“धग लागेल गं,” ते म्हणाले.

“पिल्लांना धगच हवीय. या मुकाट्याने.”

काका आले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या पेटीशी नाक लावून उभे राहिले. श्वास मात्र रोखलेलाच होता. ठिपकी जराशी उठली, आणि तिच्या खालच्या अंड्याला एक बारीक भोक दिसलं. भोकातून चोच आली. मग कवच गळून पडलं आणि ओलं, काटकुळं, अतिशय त्रासलेलं असं एक पिल्लू गोणपाटावर पडलं. काकांनी कधीचा धरलेला श्वास सोडला, तो इतका जोरात की पिल्लू आडवं झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी वाकून बघितलं, अंगठा मागे धरून. अंधार पडेपर्यंत अजून तीन पिल्लं आली, आणि कुणी घरी जायला तयार होईना. शेवटी अध्यक्षच घसा खाकरून म्हणाले, “बरं, उद्याचं काय?”

काकांनी काकूकडे बघितलं.

“सांगा, ऊन पडेल,” काकू म्हणाली.

काका भोंग्याकडे निघाले आणि अध्यक्षांनी त्यांना वाट करून दिली.