नानांची बी.कॉम.ची तीन वर्षं

खानदेशात आजवर जेवढी माणसं बी.कॉम. झाली असतील, ती झाडून सगळी नोकरी मिळावी म्हणून झाली. हातात तीस वर्षांची नोकरी असताना, ती सुटू नये म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बी.कॉम.ला बसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच घरचा निघाला. वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही त्यांना नाना म्हणायचो आणि धरणगावचं सगळं मार्केटही त्यांना नानाच म्हणायचं. तिथल्या एका धान्याच्या आणि भुईमुगाच्या आडत दुकानात ते मुनीम होते. मोठे शेठ दुकान त्यांच्यावर टाकून महिना महिना तीर्थयात्रेला जायचे आणि परत आल्यावर वही न उघडता "काय नाना, ठीक?" एवढंच विचारायचे. नाना "ठीक" म्हणायचे. झाला हिशेब.

पुढे मोठे शेठ थकले आणि पुण्याला शिकून आलेले धाकटे शेठ गादीवर बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नानांना समोर बसवलं, स्पेशल चहा मागवला आणि म्हणाले, "नाना, आता वह्या इंग्रजी पद्धतीनं ठेवायच्या आहेत. बी.कॉम. झालेला एखादा माणूस बघतो. तुम्ही खूप केलंत, आता आराम करा." नानांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप बशीत उपडा घातला आणि म्हणाले, "तुम्हाला बी.कॉम. माणूसच पाहिजे ना शेठ? तीन वर्षं थांबा. मी होतो." शेठ हसून हो म्हणाले. म्हातारा चार दिवसांत विसरेल असा त्यांचा अंदाज असावा. पण नानांनी तरुणपणी प्री-डिग्रीपर्यंत मजल मारली होती, वडील गेले म्हणून शिक्षण सुटलं होतं. तेवढ्या जुन्या दाखल्यावर त्यांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून फॉर्म भरला. मी त्याच वर्षी जळगावला एफ.वाय.ला लागलो होतो आणि पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होतो. त्यामुळे दर सुटीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं नाना माझ्या दारात उभे. एका हातात पुस्तकांची पिशवी, दुसऱ्या हातात काकूंनी दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. भाकरींवर माझा हक्क आणि माझ्या वर्गातल्या नोट्सवर त्यांचा, असा आमचा न लिहिलेला करार होता.

नानांचा अभ्यास म्हणजे एक सोहळा असे. पुस्तक उघडण्याआधी हातपाय धुऊन, पुस्तकाला नमस्कार करून ते मांडी घालून बसत. खुर्चीवर बसून हिशेब सुचतो यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. प्रत्येक कोऱ्या पानावर आधी 'श्री' लिहायचं ही तीस वर्षांची सवय. पहिल्याच पेपरला त्यांनी उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर ठसठशीत 'श्री' काढला. पर्यवेक्षक धावत आले, म्हणाले, "आजोबा, उत्तरपत्रिकेवर असलं काही चालत नाही, खोडा ते." नाना म्हणाले, "श्री खोडायला माझा हात उठायचा नाही. तुम्ही खोडा." पर्यवेक्षकांचाही हात उठेना. शेवटी केंद्रप्रमुखांपर्यंत जाऊन नवी उत्तरपत्रिका आली आणि नानांनी पुढच्या सगळ्या पेपरांना डाव्या तळहातावर 'श्री' लिहून नेला. दुसऱ्या दिवशी तळहातावरचं लिखाण म्हणजे कॉपी, या संशयावरून पुन्हा पंधरा मिनिटं गेली, ते वेगळंच.

पुस्तकातली गणितं त्यांना खरी वाटत. भागीदारीच्या गणितात 'अ, ब आणि क हे भागीदार असून क निवृत्त होत आहे' असं वाचलं की त्यांचं पेन थांबे. "क का जातोय?" असं ते मला विचारत. मी म्हणे, "नाना, ते दिलेलं नसतं." "नसतं कसं? भांडण झालं का? की अ-ब नं मिळून काढला त्याला?" क विषयी समाधान झाल्याशिवाय ते पुढची ओळ वाचत नसत, मग मी काहीतरी थाप मारायचो. कधी क ची तब्येत बिघडे, कधी त्याचा पोरगा सुरतेला मोठ्या पगारावर लागे. मॅनेजमेंटच्या पेपरात एका नोकराला एकच साहेब असावा असं तत्त्व आहे. ते वाचून नाना खो खो हसले. म्हणाले, "आमच्या दुकानात मोठे शेठ, धाकटे शेठ आणि वरच्या मजल्यावरून हाका मारणाऱ्या त्यांच्या अक्का. हे ज्यानं लिहिलं त्यानं आडत चालवलेली नाही." पण कामाची वाटणी हे तत्त्व मात्र त्यांना फार पटलं. घरी जाऊन त्यांनी पाणी कोण भरणार, भाजी कोण आणणार, दिवाबत्ती कोण करणार हे कागदावर लिहून भिंतीला लावलं. काकूंनी सून-पोरांची नावं नीट वाचली, नानांचं नाव शोधलं, ते सापडेना तेव्हा म्हणाल्या, "आनि चहा पेवानं काम कोनं?" संध्याकाळी कागद उतरला.

हे सगळं गमतीत चाललं होतं, पण अकाउंट्सनं घात केला. देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी खात्यात बरोब्बर उलट, नावे म्हणजे डेबिट डावीकडे आणि जमा उजवीकडे. मला ते बापू म्हणत; पुस्तक वाचून पहिल्यांदा बोलले ते असं, "बापू, हाई पुस्तक उलटं छापेल शे." सगळी पुस्तकं एकजात उलटी छापलेली निघाल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडला. मात्र समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या कॉलेजात कुणी नव्हता. "खातं म्हणजे माणूस," ते सांगत. "आधी माणूस ओळख. त्यानं दिलं का घेतलं ते बघ. आकडे मग आपोआप येतात." जे मला वर्गात चार महिन्यांत कळलं नव्हतं ते त्यांनी दोन सुट्यांत माझ्या डोक्यात असं पक्कं बसवलं, की परीक्षेत मीही सगळी खाती त्यांच्यासारखीच मांडून आलो. डावीकडे जमा! आकडे सगळे बरोबर, बाजू सगळ्या चुकीच्या. काका-पुतणे दोघेही अकाउंट्समध्ये नापास, दोघांनाही एटीकेटी. माझ्या वडिलांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना मात्र त्या सुटीला आले, भाकरी ठेवल्या आणि हळूच म्हणाले, "ज्या कामावर तीस वर्षं खाल्लं त्यातच नापास झालो रे. शेठला काय तोंड दाखवू?" तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली. इतके दिवस मी त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहत होतो, याची लाज वाटली.

मग नानांनी जे केलं ते फक्त नानाच करू शकत. बाजू बदलायची तर सगळंच बदलायचं, असं ठरवून त्यांनी घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर घेतलं. सदऱ्याची आधी डावी बाही घालू लागले, चपलेत आधी डावा पाय. तंबाखूची डबी या खिशातून त्या खिशात गेली आणि आठवडाभर सापडेना. मार्केटमध्ये कुणी विचारलं तर "अभ्यास चालू शे" म्हणत. काकूंना वाटलं यांच्यावर कुणीतरी काही केलंय, त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली. पण हळूहळू हात वळला. आम्ही दोघंही अडकलेला विषय सोडवून वर चढलो. ताळेबंद शिकताना तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला, कारण तिथे देणी आणि भांडवल डावीकडे मांडतात. "शेवटी उनात ना घर!" असं घरी परतलेल्या पोरांना म्हणावं तसं म्हणून त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारच्या खोलीतला मुलगा दार उघडून पाहायला आला. टी.वाय.चा निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर मी माझा नंबर शोधायच्या आधी त्यांचा शोधला. अकाउंट्सला एक्केचाळीस. पास व्हायला चाळीस लागत. तो वरचा एक मार्क कशासाठी मिळाला असेल यावर आम्ही धरणगावपर्यंत गाडीत वाद घातला.

धाकट्या शेठनी शब्द पाळला. नानांची जागा पक्की झाली, पगारही वाढला, आणि दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या नानांनीच उघडायच्या असं ठरलं. मी सुटीत धरणगावला होतो, नानांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. वहीची पूजा आदल्या दिवशी झाली होती. सकाळच्या मुहूर्तावर नाना गादीवर बसले आणि त्यांनी पहिलं पान लिहिलं, इंग्रजी पद्धतीनं, एकही खाडाखोड न करता. शेठ वाकून बघत होते आणि खूश होते. नानांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "शेठ, आता मला मोकळं करा."

"अहो नाना, आता तर तुम्ही बी.कॉम. झालात!"

"म्हणून तर. तेव्हा तुम्ही उठवत होता, म्हणून माझ्यानं उठवत नव्हतं. आज माझा मी उठतोय. नवा माणूस बघा, त्याला मी शिकवून देतो."

 शेठ खाली वाकले आणि नानांच्या पाया पडले.  तीन वर्षांची ती सगळी यातायात नोकरीसाठी नव्हतीच, ती ताठ मानेनं उठता यावं म्हणून होती, हे मला तिथे उभं राहून कळलं. आम्ही चालत घरी निघालो.  पाडव्याला दुकानातून यायला त्यांना दरवर्षी रात्र व्हायची आणि काकू रांगोळी पुसट होईपर्यंत ओवाळायला थांबायच्या. त्या दिवशी सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. नानांना दारात पाहून काकू घाबरल्या.

"काय व्हयनं? तब्येत बरी शे ना?"

"बठ्ठं बरं शे," नाना म्हणाले. "ओवाळ आता."

काकूंनी लगबगीनं पाट मांडला आणि निरांजन लावलं. ओसरीवर ऊन पडलं होतं, त्या उजेडात ज्योत दिसतसुद्धा नव्हती. काकू अंदाजानंच ओवाळत होत्या, आणि नाना टोपी घालून, घाई नसलेल्या माणसासारखे, पाटावर बसून होते.