शेवटच्या क्षणी पोहोचणारा

सुपरहीरोचा सिनेमा बघून समाधान कशानं होतं, यावर कॉलेजात असताना मी तासन् तास वाद घातले आहेत. माझं मत ठाम होतं. ते रंगीत कपडे, उडणं, इमारती पाडणं, सगळं झूट. त्यानं पोहोचावं, आणि अगदी शेवटच्या क्षणी पोहोचावं. आधी पोहोचला तर मजा नाही, उशिरा पोहोचला तर तिकीट वाया. हे ऐकून घेणाऱ्यांत सगळ्यांत गरीब श्रोते अण्णा, म्हणजे माझे वडील.

अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होते. पहिली पाळी करून चारच्या सुमाराला घरी यायचे आणि चहा घेत माझ्या लॅपटॉपवर हिंदीत डब केलेले सिनेमे बघायचे. हळूहळू सिनेमे राहिले बाजूला, एकच प्रसंग उरला. उंच इमारतीतली लिफ्ट तुटते, आत एक बाई आणि दोन मुलं, आणि हॉटेलात बसलेला सुपरहीरो खुर्चीतून उठतो आणि खालून लिफ्ट धरतो. बघून झालं की म्हणायचे, मागं घे. लिफ्ट कोसळायला लागली की कप खाली ठेवून ते पुढं सरकायचे. मी चेष्टा करायची, की अण्णा, तो धरतोच, कालही धरली होती. आई स्वयंपाकघरातून मला डोळ्यांनी दटावायची. किती मूर्ख होते मी.

आमच्या घरात एक माणूस होता, जो तिथं नव्हता. अण्णांचे प्रेसवरचे जोडीदार, खुलताबादकडचे. मी त्यांना काका म्हणायची. ते सीताफळांची पाटी घेऊन यायचे. मी चौथीत असताना प्रेसखाली त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. ते गावी परतले, आणि घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. पण कुणी सीताफळं आणली की अण्णा जेवता जेवता उठून बाहेर जाऊन उभे राहायचे, आणि आम्ही सगळे आवाज न करता जेवायचो. त्या शांततेची मला फार भीती वाटायची.

एका दुपारी मी चिडले. परीक्षा तोंडावर होती आणि तो प्रसंग दहाव्यांदा चालला होता. मी लॅपटॉप मिटला आणि यात एवढं काय आहे, असं विचारलं.

अण्णांनी मिटलेल्या लॅपटॉपकडं बघत सावकाश सांगितलं. त्या जुन्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायची सोयच नाही. पण माल भराभर निघावा म्हणून कामगार एक बटण टेप लावून दाबूनच ठेवायचे आणि पाळी संपली की टेप काढायचे. त्या दिवशी अण्णांनी ती काढली नाही. पुढच्या पाळीला त्याच प्रेसवर काका उभे राहिले.

मला अण्णांना त्यातून सोडवायचं होतं. मी म्हणाले की माणूस आहे, विसरला.

"नाय," अण्णा म्हणाले. "बसमधी बसल्यावर ध्यानात आलं व्हतं मला. बस गेटातच उभी व्हती. खिडकीची जागा भेटली व्हती. म्हणलं, बघंल की तो."

मग त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"उडतो म्हणून नाय बघत मी त्याला. तो उठतो ना, ते बघतो."

मी म्हणाले, आपण खुलताबादला जाऊ, काकांना सांगून टाका. त्यांनी मान हलवून नकार दिला. काकांनी त्यांना केव्हाच माफ केलं होतं, पण ते विसरले असं समजून. दुसऱ्या गोष्टीची माफी मागायला ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

अण्णा वारले, तेव्हा काका भेटायला आले. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. पाणी त्यांनी डाव्या हातानं घेतलं. माझ्या शेजारी बसून त्यांनी अण्णांच्या फोटोकडं बघितलं.

"इसराळू माणूस, पण दिलाचा लई साफ," ते म्हणाले. "तेवढ्या एका इसरण्यापायी गड्यानं मला भेटायचं सोडलं."

खरं काय ते मला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "व्हय काका."