पडशाला लावलेले नंबर

आमच्या भागात मुलीला वर्षात पाच वेळा पडसं झालं की ते पडसं राहत नाही, 'छातीत खोट' होते. मुलाला झालं तर नुसती हवा बदललेली असते! हा दुजाभाव मांडणारं आमच्या चळवळीचं पत्रक छापून मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत स्वतः वाटलं होतं. पण सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ही खोट माझ्याच बहिणीच्या माथी आली.

ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. कराडजवळच्या एका घरी तिचं जमत आलं होतं आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा तिचं नाक वाहत होतं. दीड महिन्याने आले, तेव्हाही. मग निरोप आला: छातीचा फोटो काढून दाखवा.

"आधी त्यांच्या मुलाचा काढा म्हणावं!" मी ओरडलो.

"तू गप," वडील म्हणाले. "तुझ्या तोंडापायी एक स्थळ गेलंय, तेवढं बास."

मी कसला गप बसतोय! मिरजेला डॉक्टरकी शिकणाऱ्या मित्राकडून पडशाची सगळी माहिती उतरवून आणली. मुलाचे आईवडील शेवटचं बोलायला आले, त्या दुपारी चहा यायच्या आतच मी सुरू झालो.

"पडशाचा विषाणू एक नसतो. एका विषाणूला मारणारं रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्यावर चालतं का, हे प्रयोगशाळेत बघतात. चाललं नाही, की तो वेगळा. त्याला पुढचा नंबर. असे एकाच कुळातले ऐंशीच्या वर नंबर झालेत! एक नंबर होऊन गेला की शरीर तेवढ्यालाच ओळखतं, बाकीच्यांना दार उघडंच. हिला पाच पडशी झाली ती पाच वेगवेगळी. त्यात छातीचा काय गुन्हा?"

मुलाचे वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जरा दम धर रं गड्या. सभा न्हाई ही." मग बायकोकडे वळले. "पर पोरगं खोटं बोलत न्हाई. नवं रंगरूट आलं की त्यांची अख्खी बराक शिंकायची. कुणी माणचा, कुणी जतचा. जो तो आपल्या गावचं पडसं घिऊन यायचा. जुन्या जवानांना काय न्हाई. आमी म्हणायचो, पाणी बाधलं." मग बहिणीला विचारलं, "वर्गात पोरं किती?"

"बेचाळीस."

"मग काय! बेचाळीस घरांची बराक हाय ही."

फोटोचा विषय संपला. मी जिंकल्याच्या थाटात वडिलांकडे बघतोय, तोवर हवालदारांची बायको म्हणाली, "आवं, मग सोपं हाय की. लग्नानंतर शाळा सोडली की पडसंबी थांबंल."

माझाच मुद्दा, आणि माझ्याच बहिणीच्या नोकरीवर!

बहीण रुमालाने नाक पुसत होणाऱ्या सासूकडे वळली. "आत्या, हा म्हणतो त्यातले कितीतरी नंबर माझे होऊन गेलेत. दर साली थोडे कमीच उरतात. आता सोडली तर एवढ्या शिंका फुकट जायच्या." आणि चहाचा कप त्यांच्यापुढे करत तिने सरळ सांगितलं, "शाळा मला सोडायची नाही."

हवालदार मांडीवर थाप मारून हसले. "जुनी जवान झाली की ही! हिला आता पेन्शनीपतोर कोण सोडतंय?"

"तुमास्नी सगळीकडं पलटणच दिसती," बायकोने त्यांना झापलं. तिने चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं बाई, जा शाळंला. पर शिंकत चुलीम्होरं यिऊ नगंस."

परीक्षा संपल्यावरची तारीख धरायची ठरली. कराडकडे बदलीचा अर्ज मीच लिहून देतो म्हणालो, तर बहीण म्हणाली, "नको. तू लिहिलास तर अर्जाचा मोर्चा होईल."

पाहुण्यांना सोडायला आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तेवढ्या वाटेत ती दोनदा शिंकली, आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.