डिसेंबरातला नवरा

टॅक्सच्या ऑफिसात किस्से होत नाहीत, असं मला लग्नाआधी वाटायचं. बी.कॉम.ला कराचा पेपर होता, त्यात हसण्यासारखं एकही पान नव्हतं. पण बहारीनला आल्यावर जिथं नोकरी लागली, तिथं किस्से लोणच्यासारखे मुरत गेले. आता संदेश, म्हणजे माझा नवरा, जेवायला बसला की ताटाआधी विचारतो, "आज काय?" मी माणसांत फारशी बोलत नाही. घरी मात्र भात निवेपर्यंत सांगत बसते.

आमचं ऑफिस उम्म अल हस्समला, एका कॅफेटेरियाच्या वर. दोन खोल्या, एक एसी आणि ग्रेसी मॅडम. मॅडम वसईच्या. अमेरिकेच्या टॅक्सची परीक्षा देऊन परवाना काढलेल्या. इथं अमेरिकन नौदलाचा तळ आहे, त्यामुळे अमेरिकन नवरे बरेच, आणि त्यांच्या बायका जगभरच्या. त्यांचे रिटर्न आम्ही भरतो.

माझा इंटरव्ह्यू चार मिनिटंही चालला नसेल. मॅडमनी विचारलं, "बोलायला आवडतं?"

मी म्हटलं, "फारसं नाही."

"बरं झालं. इथं बायका बोलायलाच येतात. उद्यापासून ये."

*

मी लागले तेव्हा एकच विषय गाजत होता. कोविडमध्ये अमेरिकेच्या सरकारनं आपल्या लोकांना मदतीचे पैसे वाटले होते. शेवटचा हप्ता ज्यांना मिळाला नव्हता, त्यांना तो मागच्या वर्षाच्या रिटर्नमधून मागता येत होता. नवऱ्याला मिळायचा. प्रश्न बायकोचा. तिच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तर तिचा वाटा नाही. अपवाद एकच. नवरा सैन्यात, म्हणजे खरोखर गणवेशात असला, तर बायको बिननंबराचीही चालते.

हे कळल्यावर मारिसेल आली. ही फिलिपिन्सची, नवरा तळावर कंत्राटी कामाला. कंत्राटी म्हणजे गणवेश नाही. मॅडमनी समजावलं, तर तिनं फोन काढून फोटो दाखवला. नवरा हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कपड्यांत, खांद्यावर बंदूक.

मॅडमनी चष्मा लावून फोटो मोठा केला. "मारिसेल, याच्या पायाशी हरीण पडलंय."

"येस, मॅम. ही इज अ व्हेरी गुड शूटर."

"शिकारीला गेलेला माणूस सैन्यात धरत नाहीत."

मारिसेलनं फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणाली, "मग आता भरती करते त्याला."

"वय काय त्याचं?"

"अठ्ठावन्न. पण चालतो भराभर."

*

त्याच आठवड्यात प्रतिभा आली. देवगडची. इथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती, तिथं डॅरिल भेटला. डॅरिल नौदलात, अगदी खराखुरा गणवेशातला. देवगडला जाऊन लग्न झालं, नोकरी सुटली, अमवाजला फ्लॅट घेतला, आणि आता प्रतिभाला पाचवा महिना होता. डॅरिल बोटीवर गेलेला. फोन लागला तर लागला.

"मला माझा वाटा पाहिजे," ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "डॅरिलच्या नावाचे नकोत. माझ्या नावाचे."

मॅडम म्हणाल्या, "एकाच घरात तर येणार गो."

"मॅडम, माझ्या आईला बाळंतपणाला आणायचंय."

"मग आण की. डॅरिल तिकीट काढेल."

"तो काढून बसलाय दोनदा. दोन्ही वेळा रद्द करायला लागलं." आणि तिनं आईचा आवाज काढला, "जावयाच्या पैशान माका विमानात बसूचा नाय."

तिची आई गावात खाणावळ चालवते. विमानाचं तिकीट तिच्या आवाक्याबाहेरचं. प्रतिभाकडे स्वतःची कमाई उरली नव्हती. म्हणजे जगात एकच पैसा असा होता, की जो जावयाचा नव्हता, उसना नव्हता, आणि प्रतिभाच्या नावानं येणार होता. पहिलटकरीण, परका मुलूख, नवरा समुद्रात. तिला आई हवी होती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हिची माहिती लिहून घे. नवरा गणवेशात आहे. होऊन जाईल."

*

आमच्याकडे पैसे मिळतात ही बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली. कुणाला मिळतात, हे टाकायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तावडेकाका हजर. हे राजापूरचे, मुहर्रकला राहतात, प्लंबिंगचं काम करतात. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, हातात पासपोर्ट.

मॅडम म्हणाल्या, "तावडे, हे अमेरिकन लोकांसाठी आहे."

"म्हायत आहे. पण तळाच्या आतले नळ मीच बघतो. कॅप्टनच्या बाथरूमपर्यंत जाऊन आलोय."

"तरी नाही मिळत."

काकांनी पासपोर्ट खिशात घातला. दारापर्यंत गेले, वळले.

"कोविड तर मलाही झाला होता."

प्रतिभा कोपऱ्यात बसून सह्या करत होती. ती इतकी हसली, की मॅडमनी तिला पाणी दिलं.

*

आणि मग सगळं अडलं.

मॅडम रिटर्न तयार करत होत्या. मी लिहून घेतलेल्या माहितीत लग्नाची तारीख होती जानेवारीची. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"प्रतिभा, लग्न जानेवारीत झालं?"

"हो. हे बघा." तिनं फोटो दाखवले. डॅरिल फेट्यात, घामाघूम. मागे केळीचे खांब. अंतरपाट धरलेले दोन मामा त्याच्या खांद्यापर्यंतच येत होते.

"मागच्या वर्षाचा रिटर्न आहे गो. एकतीस डिसेंबरला तू त्याची बायको पाहिजेस. तेव्हा नव्हतीस. वर्ष उलटल्यावर झालीस. मग मागच्या वर्षात तुझा वाटा कसा धरणार?"

"पुढच्या वर्षी मागता येईल ना?"

"हा शेवटचा हप्ता होता. त्याच्यापुढे खलास."

प्रतिभानं फोन उपडा ठेवला आणि त्याच्या कव्हरचा निघालेला कोपरा चिकटवत बसली.

मॅडमना ते बघवेना. काही वाट निघते का विचारायला त्यांनी अमेरिकेला फोन लावला. तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा इकडं संध्याकाळ होते. फोन स्पीकरवर, त्यावर एकच धून पुन्हा पुन्हा. मॅडमनी पर्समधून जपमाळ काढली. खालून करक चहा आला, संपला. अखेर मॅडमनी क्रूसाचं चुंबन घेऊन माळ आत ठेवली.

"एक अख्खी रोझरी झाली. अजून 'प्लीज होल्ड'च चाललंय."

*

इथं मला माझं सांगायला लागेल.

माझं आणि संदेशचं रजिस्टर लग्न आधी झालं. व्हिसासाठी सर्टिफिकेट लागतं, म्हणून चिपळूणला जाऊन सह्या केल्या, हार घातले, पेढे खाल्ले. मुहूर्त पुढे होता, तोवर मी माहेरीच. संदेश एकदा भेटायला आला, तर आईनं त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला आणि घड्याळाकडे बघत बसली. कायद्यानं नवरा, पण शेवटच्या एसटीनं परत. शेजारी माझी ओळख 'लग्न ठरलेली' अशीच करून देत होते. मीसुद्धा लग्नाची तारीख विचारली, की मुहूर्ताचीच सांगते. दुसरी आठवतच नाही.

ती धून चालू असताना हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि प्रतिभाला रजिस्टर लग्नाचं कुणी विचारलंच नव्हतं. परदेशी माणसाशी लग्न, म्हणजे नुसत्या अक्षतांवर भागलं नसणार.

मी म्हटलं, "रजिस्टर कधी केलंत?"

मॅडमनी मान वळवली. ऑफिसात मी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

प्रतिभा म्हणाली, "ते? ते आधीच. नोटीस दिली होती ना, त्यांनी बोलावलं तेव्हा जाऊन आलो."

"आधी म्हणजे कधी?"

"डिसेंबरात. नाताळच्या आधी."

मॅडमनी स्पीकर बंद केला. धून थांबली तशी खोली एकदम मोठी वाटली.

"डिसेंबरात लग्न झालं, आणि तू मला जानेवारी सांगतेस?"

"ते लग्न नव्हतं, मॅडम. सही होती." प्रतिभा गोंधळली. "आईनं तर घरी आल्यावर सांगून टाकलं, 'सही काय, बँकेत पण करतत.' डॅरिलला बीचवरच्या लॉजवर ठेवलं. जेवणाचा डबा रोज घरून जायचा, पण मला जायची बंदी. तो विचारायचा, मी तुझा नवरा आहे ना? आई म्हणायची, सरकारी. घरचो जानेवारीत."

"सर्टिफिकेट?"

"आहे ना, बॅगेत. कुणी मागितलंच नाही."

मॅडमनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. तारीख, शिक्का, साक्षीदार. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही बोलते तर."

त्या दिवशी माझा पगार वाढला नाही, पण खालच्या कॅफेटेरियातून शावरमा आला, आणि तो मॅडमच्या खात्यावर. ऑफिसात ही मोठी बातमी होती.

*

रिटर्न गेला. प्रतिभासाठी टॅक्सचा वेगळा नंबर मागवला, तो आला. पैसेही आले. डॅरिलला बोटीवरून उतरल्याबरोबर मॅडमनी पहिलं काम सांगितलं, ते म्हणजे बायकोचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात टाक. सासू विचारणार, हे त्याला सांगावं लागलं नाही.

तिकीट काढायच्या आधी प्रतिभानं आईला आमच्याच ऑफिसातून फोन लावला. म्हणे, साक्षीदार हवेत.

"आई, पैसे आले. माझ्या नावाचे. सरकारनं दिलेत."

"सरकार तुका कित्याक देता?"

"डिसेंबरात आमचं लग्न झालेलं होतं म्हणून."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "डिसेंबरात खय? जानेवारीत झाला."

"सरकारच्या हिशेबानं डिसेंबरात."

"सरकार इला होता काय अक्षता टाकूक?"

"आई, डिसेंबर मानलास तर ते पैसे माझे. जानेवारीच धरून बसलीस तर एक छदाम नाही, आणि तिकीटही नाही. तूच ठरव."

बराच वेळ फोनवर नुसती कावळ्यांची कावकाव. मॅडमचा हात पर्सकडे, जपमाळेकडे गेला. प्रतिभानं दुसऱ्या हातानं पोट धरलं होतं.

मग आई म्हणाली, "सरकारच्या पैशान येवचा तर सरकारचा मानूक व्हया."

प्रतिभानं डोळे मिटले.

"पण गावात कोणाक सांगू नको."

*

आई आली. बाळ व्हायच्या चांगली महिनाभर आधी आली, आणि दुसऱ्याच दिवशी आमचे आभार मानायला जिना चढून वर आली. नऊवारी, पायात डॅरिलनं आणलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. मागे प्रतिभा, सावकाश. तिच्या मागे डॅरिल, दोन पिशव्या घेऊन. पिशव्यांत खाजा, फणसपोळी आणि कोकमाच्या बाटल्या. टेबलावरच्या फाइली हलवून आईंनी एका पिशवीतलं सगळं मांडलं. दुसरी डॅरिलनं खाली ठेवली होती, ती तशीच दारात.

आई मॅडमना म्हणाल्या, "तुमच्यामुळे माज्या चेडवाचा घर बघूक गावला." मग माझ्याकडे वळून खाजा माझ्या हातात कोंबला. "आणि ह्या कमी बोलणाऱ्या पोरीमुळे."

मॅडमना राहवेना. खाजा मोडत त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मानलंत ना आई? लग्न डिसेंबरात झालं?"

आईंनी पदर सारखा केला. प्रतिभा भिंतीकडे बघून हसू दाबत होती.

"सरकारचा डिसेंबरात झाला," आई म्हणाल्या. "आमचा जानेवारीत."

डॅरिल लॉजवरच्या डब्यांबरोबर थोडी भाषाही शिकला होता. तो वाकून अदबीनं म्हणाला, "आणि माझा, आई?"

आईंनी त्याला फेट्याच्या जागेपासून बुटांपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"तुमचा अजून चालू आसा. ती पिशवी उचला."